कोयनेच्या तळाशी राखलेला खडक

कोयना नदी सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहत येऊन हेळवाकजवळ पूर्वेला वळते. याच परिसरात पश्चिमेकडील कड्याखाली कोकण एकदम खोल असल्याने, तिचे पाणी डोंगराच्या पोटातील भुयारांतून पलीकडे नेऊन सुमारे 475 मीटरांच्या पतनावर वीज निर्माण करणे शक्य झाले. पोफळीचे भूमिगत वीजगृह 1960 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले, ते याच भुयारांच्या बळावर.

या भुयारांच्या वाटेतला काळवत्री दगड, म्हणजे बेसाल्ट, फोडण्यास कठीण, ही समजूत खरी असली तरी अपुरी आहे. दख्खनचा बेसाल्ट लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा असून, अभंग खडकाला लागूनच पोकळ्यांनी भरलेला कुहरी खडक, ज्वालामुखी तुकड्यांचा ब्रेशिया किंवा दोन थरांमधील तांबडी, पाण्याने भुसभुशीत होणारी माती लागते. म्हणून बोगद्याचे छत एके ठिकाणी आधाराविना उभे राहते, तर थोड्याच अंतरावर त्याला लोखंडी कमानी द्याव्या लागतात. भोके पाडणे, सुरुंग उडवणे, धूर ओसरल्यावर सैल दगड पाडून राडारोडा उपसणे हा क्रम ठरलेला. पुढचा खडक मात्र कधीच ठरलेला नसतो.

यंत्रे अचानक बंद झाली, तर भुयारातील वेगवान पाण्याचा धक्का पेलण्यासाठी उल्लोळ विहीर, म्हणजे पाण्याला वर चढण्यास वाव देणारी उभी विहीर, खोदावी लागते.

याच वीजप्रकल्पाच्या 1000 मेगावॉटच्या चौथ्या टप्प्याची अडचण याहून निराळी होती, कारण तोपर्यंत भरलेला कोयनेचा शिवसागर जलाशय रिकामा करणे परवडणारे नव्हते. यावर नॉर्वेत विकसित झालेले ‘लेक टॅपिंग’, म्हणजे जलाशयाला तळातून छिद्र पाडणे, योजण्यात आले. या पद्धतीत बोगदा खालून खोदत आणून तळाशी खडकाचे एक बूच राखतात, स्फोटानंतर सुटणारे दगड साठण्यासाठी त्याखाली खड्डा करतात, बुचाखाली हवेची उशी ठेवून पुढील दरवाजे बंद करतात आणि मग ते बूच एका स्फोटात उडवतात. मैलभर बोगद्यापेक्षा या शेवटच्या काही मीटरांचाच हिशेब अधिक नाजूक, कारण फसलेला स्फोट पाण्याखाली दुरुस्त करता येत नाही. 13 मार्च 1999 रोजी हा प्रयोग यशस्वी झाला. तो आशियातील पहिला मानला जातो. उन्हाळ्यात पातळी खालावली तरी पाणी मिळावे म्हणून, 25 एप्रिल 2012 रोजी त्याच जलाशयाचा तळ आणखी खाली, दुसऱ्यांदा फोडण्यात आला.