ग्रीसची क्रूझ, सांतोरिनीचं वानर आणि बीडवरून जाणारी रेघ

आजच्या भागात आपण क्रूझवर जाणार आहोत, ग्रीसच्या बेटांवर. तिकीट लागणार नाही, व्हिसा लागणार नाही, आणि वाटेत बीड लागणार आहे. हसू नका, खरंच लागणार आहे.

आधी क्रूझ म्हणजे काय ते बघू. पांढरी घरं आणि निळे घुमट असलेले रील्स तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. अथेन्सजवळच्या पिरेअस किंवा लाव्रिओ बंदरातून जहाज निघतं आणि तीन-चार रात्रींत मिकोनोस, पॅटमॉस, रोड्स, क्रीट, सांतोरिनी असं फिरवून परत आणतं. जहाज प्रत्येक बेटावर काही तासच थांबतं. उतरा, बघा, फोटो काढा, शेवटची होडी चुकवू नका. गर्दी एवढी वाढली की जुलै २०२५ पासून ग्रीस सरकारने सांतोरिनी आणि मिकोनोसला क्रूझने उतरणाऱ्या प्रत्येक माणसावर ऐन सीझनमध्ये २० युरो कर लावलाय.

सांतोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. समुद्रातच थांबतं, कारण तो समुद्र म्हणजे ज्वालामुखीचं बुडालेलं तोंड आहे. छोट्या होड्यांनी कड्याच्या पायथ्याशी सोडतात. वर फिरा गावात जायला केबल कार, नाहीतर गाढव, नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्या. बहुतेक लोक वर पोचले की सूर्यास्ताची जागा पकडायला पळतात. पण त्याच गावात प्रागैतिहासिक थेराचं एक संग्रहालय आहे. तिथल्या एका भिंतीवर निळ्या रंगाची माकडं खडकांवर उड्या मारतायत. हे चित्र सुमारे ३६०० वर्षांपूर्वीचं आहे.

ते सापडलं अक्रोतिरी नावाच्या जागी, त्याच बेटाच्या दक्षिण टोकाला. इसवी सन पूर्व १६०० च्या आसपास ज्वालामुखी फुटला आणि अख्खं शहर राखेखाली गेलं. स्पिरिडॉन मारिनातोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने १९६७ मध्ये तिथे खोदायला सुरुवात केली. दुमजली-तिमजली घरं, सांडपाण्याच्या नळ्या, रंगीत भिंती, सगळं निघालं. माणसांचे सांगाडे मात्र जवळपास निघालेच नाहीत. लोकांना आधीच धक्के जाणवले असणार आणि ते निघून गेले असणार.

आता माकडांकडे या. ग्रीसमध्ये माकडं नाहीत, तेव्हाही नव्हती. मग चित्रकाराने बघितली कुठे? वर्षानुवर्षं उत्तर होतं, इजिप्तमार्गे आलेली आफ्रिकेची माकडं. २०१९ मध्ये मात्र पुरातत्त्वज्ञ आणि प्राइमेट अभ्यासकांच्या एका गटाने शेपट्या बघितल्या. चित्रातल्या शेपट्या वर उचलून बाकदार वळवलेल्या आहेत. आफ्रिकेच्या व्हर्वेट माकडाची शेपटी साधारणपणे तशी नसते, असं त्यांचं म्हणणं. ती असते आपल्या वानराची. आपल्याकडे पोरंसोरंही फरक सांगतात बघा, लाल तोंडाचं ते माकड आणि काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांब शेपटीचं ते वानर. आणि एजियन समुद्रातले चित्रकार राखाडीच्या जागी निळा वापरत, म्हणून वानर निळं.

डिसेंबर २०२१ आठवतोय? माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव जगभर व्हायरल झालं होतं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेतात, बदला घेतात वगैरे. पिल्लांचे आकडे फुगत गेले, मीम्स झाले, शेवटी वनखात्याने दोन वानरं पकडली. तेव्हा सगळ्यांना वाटलं की बीडचं वानर पहिल्यांदाच ग्लोबल झालं.

एवढ्यावर थांबलो तर मस्त फॉरवर्ड तयार होतो. ‘ग्रीसमध्ये ३६०० वर्षांपूर्वी भारतीय हनुमान!’ असा. तो कुणी पाठवला तर पुढचंही सांगा. या संशोधनाला उत्तर म्हणून दुसऱ्या प्राइमेट अभ्यासकांनी तीच चित्रं तपासली आणि ती व्हर्वेटच आहेत असं मांडलं. वाद मिटलेला नाही. आणि वानर खरं असलं तरी चित्रकार भारतात आला असं होत नाही. सिंधू संस्कृतीचा माल मेसोपोटेमियात जायचा आणि तिथून हातोहात पुढे सरकायचा. एजिना या ग्रीक बेटावर सिंधू पद्धतीचा नक्षीदार कार्नेलियन मणी सापडलाय, तो असाच गेला असणार. मला स्वतःला वानराची बाजू पटते, पण ते पटणं आहे, पुरावा नाही.

मिकोनोसवरून अर्ध्या तासावर डेलोस नावाचं उजाड बेट आहे. रात्री मुक्काम करायला बंदी, दिवसा फिरायचं. संगमरवरी सिंह, मोझेकच्या फरश्या, ॲपोलोचं जन्मस्थान. इसवी सन पूर्व १६६ मध्ये रोमने ते करमुक्त बंदर केलं आणि बेट श्रीमंत झालं. कशावर? स्ट्रेबो हा जुना भूगोलकार लिहितो की डेलोसमध्ये एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून विकून पाठवता येत. आकडा त्याने गोल केला असेल, पण धंदा काय होता ते कळतं. लोक त्या फरश्यांचे फोटो काढतात. चुकीचं काही नाही, फरश्या सुंदरच आहेत. फक्त कुणाच्या जिवावर, ते माहीत असलेलं बरं.

आता जहाज उलटं फिरवू. ग्रीक माणूस आपल्याकडे उतरला तेव्हा काय झालं?

पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. लेखकाचं नाव कुणाला माहीत नाही. पुस्तक म्हणजे आजच्या भाषेत बंदरांचा रिव्ह्यू: कुठे नांगर टाकायचा, काय विकायचं, काय घ्यायचं, कुठे सांभाळून. जहाजं तांबड्या समुद्रातून जुलैच्या सुमारास निघायची, मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन बॅरिगाझाला म्हणजे भडोचला यायची. नर्मदेच्या मुखाची भरती भयंकर, म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढे यायचे आणि परदेशी जहाज ओढत आत आणायचे. परतीचा वारा मिळायचा हिवाळ्यात. म्हणजे किनाऱ्यावरचा मुक्काम काही तासांचा नाही, काही महिन्यांचा. ती खरी शोअर ट्रिप.

सामानाची यादीही वाचण्यासारखी आहे. इटालियन दारू, तांबं, कथील, पोवळं, सोन्या-चांदीची नाणी. राजासाठी खास चांदीची भांडी, गाणारी मुलं आणि जनानखान्यासाठी सुंदर मुली. हो, त्याच यादीत, भांड्यांच्या शेजारी. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या जुन्या ग्रीक राजांची नाणी अजून चालतात, हेही लेखक नोंदवतो.

आणि मग तो आत वळतो. भडोचहून दक्षिणेकडे २० दिवसांच्या वाटेवर पैठण. तिथून पूर्वेकडे १० दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात, तगरहून साधं कापड भरपूर, तलम कापडं, जांभळट रंगाची कापडं. हा सगळा माल गाड्यांमधून, नीट रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येतो.

तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. हे एकदम नाही ठरलं. कुणी जुन्नर म्हणे, कुणी देवगिरी. जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये तेरच्या बाजूने मांडणी केली आणि पुढे उत्खननांनी ती पक्की झाली.

मी इंजिनिअर माणूस, नकाशा उघडला आणि मोजलं. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर. भागिले २० दिवस, रोजचे साडेसतरा. पैठण ते तेर साधारण १५० किलोमीटर. भागिले १०, रोजचे पंधरा. दोन वेगवेगळ्या टप्प्यांचा वेग जवळपास सारखा येतो, आणि तो लादलेल्या बैलगाडीचाच वेग आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा डेटा आणि एवढा कन्सिस्टंट! फक्त दिशा जरा चुकली, तेर पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. आता पैठण ते तेर पट्टीने रेघ मारा आणि मधोमध बोट ठेवा. बोट बीड शहराजवळ येतं. जुनी वाट नेमकी कुठून वळत होती ते रेघ सांगत नाही, पण त्या दोन शहरांमधून गाडी न्यायची तर गोदावरी ओलांडून आजच्या बीड जिल्ह्याच्या मातीतूनच जाणार.

इथे एक गोष्ट मला खटकते. पेरिप्लसमध्ये गाड्या आहेत, गाडीवान नाहीत. कापड आहे, विणणारे नाहीत. रोमच्या बाजूने मात्र तक्रार नोंदलेली आहे: प्लिनी म्हणतो, भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. त्यातले पंधरा किलोमीटर रोज चालणाऱ्याच्या हाती किती पडले, ते कुठेच नाही. आपल्या जिल्ह्यातून आजही दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं संसार गाडीत, ट्रॅक्टरवर घालून ऊसतोडीला निघतात. साखरेच्या पोत्यावर त्यांचं नाव नसतं. तुलना ताणत नाही, पण वाचताना आठवतंच.

बरं, पैठणचा माल एवढ्या लांब भडोचला का? नाणेघाट उतरला की कल्याण होतं की जवळ! उत्तर राजकारणात आहे. पेरिप्लस सांगतो की कल्याण पूर्वी चांगलं चालणारं बंदर होतं, पण आता तिथे व्यापाराला अडथळा आहे. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे आलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. भडोच क्षत्रपांच्या ताब्यात, दख्खन सातवाहनांची, आणि दोघांचं भांडण. राजे भांडले आणि गाडीवानाची वाट वाढली.

हे ग्रीक आत आले का, की किनाऱ्यावरूनच ऐकून लिहिलं? पेरिप्लसचा लेखक तेरला आला असं तो म्हणत नाही. पण ‘यवन’ म्हणवणारे लोक सह्याद्रीत होते, याची त्यांनीच सोय करून ठेवलीय. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर लेख आहेत, अनेक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप. त्यांची नावंही बघा, कार्ल्याला सिंहध्वज, धर्म अशी. बौद्ध झालेले, इथे मुरलेले लोक. हे नेमके ग्रीक, की वायव्येकडचे, की इजिप्तहून आलेले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपण किल्ल्याच्या भिंतीवर खिळ्याने नाव कोरतो ना, तसं नाही हं. यांनी आधी खांबाचे पैसे भरले, मग नाव कोरलं.

वस्तूही बोलतात. कोल्हापुरात ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती सापडली, ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. क्रूझवाले लाव्रिओजवळ सुनियनच्या टोकावर पोसायडनचं देऊळ बघायला जातात. आपल्याला कोल्हापूरची एसटी पुरते. उलट्या दिशेने, इटलीत पाँपेईला १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधी तिथे पोचलेली. तिच्याशी फार जवळचं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरला सापडली, आणि तशाच घडणीची एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. पाँपेईची मूर्ती कुठे घडली ते यावरून सिद्ध होत नाही, पण शोधायचं तर दिशा इकडची आहे.

तेरमध्ये हे सगळं जपलं ते आधी एका गावकऱ्याने. रामलिंगप्पा लामतुरे शेतात, पांढरीच्या मातीत, पावसाने उघड्या पडणाऱ्या वस्तू गोळा करत राहिले. मणी, मातीची खेळणी, मूर्ती, रोमन नाण्यांची नक्कल करून केलेली मातीची पदकं. पुढे तो संग्रह सरकारकडे गेला आणि त्यांच्याच नावाने संग्रहालय उभं राहिलं.

‘बीडला काय आहे?’ हा प्रश्न पुण्यात नोकरीला लागल्यापासून मी ऐकतोय, तुम्हीही ऐकत असाल. दुष्काळ आणि बातम्यांमधली भांडणं, एवढंच लोकांना माहीत असतं. त्यावर खोटा फॉरवर्ड फेकायची काही गरज नाही. पेरिप्लसची ती दोन वाक्यं पुरेशी आहेत.

बीडहून तेर सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे, गाडीने सकाळी निघून संध्याकाळी परत. संत गोरोबाकाकांचं मंदिर तिथेच, आणि त्रिविक्रमाचं विटांचं जुनं मंदिरही चुकवू नका. संग्रहालयात गेलात की आधी हस्तिदंती मूर्ती कुठे ठेवलीय ते विचारा. ती अगदी छोटी आहे, घाईत नजरेतून सुटते.

पुढच्या भागात नाणेघाट. तिथल्या दगडी रांजणाची गोष्ट सांगतो.