प्रभुभोजन : कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परंपरांतील भेद

प्रभुभोजन : भाकर आणि द्राक्षारस यांचा ख्रिस्ती उपासनेतील विधी. अटक होण्याच्या रात्री येशूने शिष्यांबरोबर केलेल्या शेवटच्या भोजनावर तो आधारलेला आहे. भाकर मोडून ती आपले शरीर आहे आणि प्याला देताना ते आपले रक्त आहे असे येशूने सांगितले, ही हकिकत मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत आणि पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात येते. यांत पौलाचे पत्र सर्वांत जुने, इ. स. ५५ च्या आसपासचे. योहान मात्र त्या रात्रीचे वर्णन करताना भाकर-प्याल्याचा उल्लेखच करत नाही. त्याच्याकडे येशू शिष्यांचे पाय धुतो. मराठी कॅथलिकांच्या बोलण्यात या विधीला मिस्सा आणि प्रसाद घेण्याला कम्युनियन म्हणतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन किंवा सहभागिता हे शब्द रूढ आहेत.

कॅथलिक लोक भाकरीला खरे शरीर मानतात आणि प्रोटेस्टंट केवळ प्रतीक मानतात, असा या भेदाचा गोषवारा सर्रास दिला जातो. तो निम्माच खरा आहे. केवळ प्रतीक म्हणणाऱ्यांवर प्रोटेस्टंट चळवळीचा आरंभकर्ता मार्टिन ल्यूथर याने रोमवर पाखडली त्याहून कमी आग पाखडलेली नाही. भेद कुठे आहे हे पाहायचे असेल, तर विधी संपल्यावर उरलेल्या भाकरीचे काय होते तिकडे लक्ष द्यावे.

कॅथलिक चर्चमध्ये पवित्रीकरण झालेली होस्ट, म्हणजे गव्हाच्या बेखमीर पिठाची पातळ गोल चकती, उरली की ती वेदीजवळच्या कुलूपबंद पेटीत ठेवतात. पेटीशेजारी अखंड दिवा तेवत असतो आणि तिच्यासमोरून जाताना भाविक गुडघा टेकतात. आजाऱ्यांना घरी प्रसाद न्यायचा तो याच पेटीतून. तबकातले कण धर्मगुरू प्याल्यात झटकतो, प्याला पाण्याने विसळतो आणि ते पाणी पिऊन टाकतो. होस्ट दर्शनासाठी सोनेरी पात्रात मांडून तिच्यापुढे तासन् तास आराधना होते. ख्रिस्तशरीराच्या सणाला तिची मिरवणूक निघते. हा सण पोप चौथे अर्बन यांनी १२६४ मध्ये सर्व चर्चसाठी लागू केला.

अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने या प्रश्नावर दोनदा मत बदलले, आणि ते बदल मोठे बोलके आहेत. १५५२ च्या आवृत्तीत उरलेली भाकर व द्राक्षारस पाळकाने आपल्या उपयोगासाठी घ्यावा असे सांगितले होते. म्हणजे ती घरी जेवणात खाल्ली तरी हरकत नव्हती. १६६२ च्या आवृत्तीत ही मुभा पवित्रीकरण न झालेल्या भाकरीपुरती राहिली. पवित्रीकरण झालेली चर्चबाहेर न नेता तिथेच आदराने संपवावी असा नियम आला. बॅप्टिस्ट किंवा काँग्रिगेशनल मंडळीत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तिथे विधी आटोपला की पाव पुन्हा पावच.

कॅथलिक भूमिकेची तात्त्विक मांडणी मध्ययुगातली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने भाकरीचे शरीरात आणि द्राक्षारसाचे रक्तात परिवर्तन होते असे अधिकृतपणे म्हटले. पुढे थॉमस अ‍ॅक्वायनसने ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत ते उलगडून दाखवले. वस्तूचे सत्त्व वेगळे आणि रंग, चव, आकार हे तिचे बाह्य गुण वेगळे. पवित्रीकरणात सत्त्व बदलते, गुण तसेच राहतात; हेच सत्त्वपरिवर्तन. म्हणूनच होस्ट चाखून किंवा प्रयोगशाळेत तपासून काही सिद्ध होत नाही. सिद्धांताचा तसा दावाच नाही. ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये हीच शिकवण पुन्हा ठाम केली आणि ती नाकारणाऱ्यांना बहिष्कृत ठरवले.

ल्यूथरने १५२० मध्ये या परिभाषेवर हल्ला चढवला, पण ख्रिस्ताची उपस्थिती नाकारली नाही. भाकर भाकरच राहते आणि तिच्यात, तिच्याबरोबर ख्रिस्ताचे शरीरही खरोखर असते, असे त्याचे मत. झ्युरिकच्या उल्रिख झ्विंग्लीला ते मान्य नव्हते. ख्रिस्ताचे शरीर स्वर्गात आहे, ते एकाच वेळी हजार वेद्यांवर कसे असेल, असा त्याचा आक्षेप होता. भोजन हे स्मरण आहे आणि मंडळीने एकत्र दिलेली कबुली आहे, असे तो शिकवी. १५२५ च्या ईस्टरच्या आठवड्यात झ्युरिकमध्ये मिस्सा बंद झाली. वेदीऐवजी मध्यभागी साधे टेबल आले, सोन्या-चांदीची भांडी जाऊन लाकडी ताटल्या आणि प्याले आले, आणि भाकर लोकांच्या बसल्या जागी फिरवली गेली.

या दोघांची गाठ ऑक्टोबर १५२९ मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात पडली. कॅथलिक सम्राटाविरुद्ध प्रोटेस्टंट संस्थानांची एकजूट व्हावी म्हणून हेसच्या फिलिपने ही भेट घडवून आणली होती. ल्यूथरने चर्चेपूर्वीच टेबलावर खडूने येशूचे ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द लॅटिनमध्ये लिहून ठेवले आणि त्यातील ‘आहे’ या क्रियापदावरून तो तसूभर हलला नाही. पंधरा कलमांपैकी चौदा कलमांवर एकमत झाले. पंधराव्यात भाकर व द्राक्षारस या दोन्ही रूपांत प्रसाद देण्यासारख्या बाबी जुळल्या. शरीर भाकरीत प्रत्यक्ष असते की नाही, एवढेच राहिले. तेवढ्यावरून एकजूट बारगळली. प्रोटेस्टंट पंथ आजही अनेक आहेत त्याचे एक मूळ या एका टेबलावर आहे.

जॉन कॅल्व्हिनने पुढे मधला मार्ग काढला. ख्रिस्त भाकरीत उतरत नाही. पवित्र आत्मा विश्वासणाऱ्याला ख्रिस्तापर्यंत उंचावतो आणि तिथे त्याचे खरे पोषण होते, असे तो म्हणे. प्रेस्बिटेरियन परंपरेची ही भूमिका. प्रभुभोजन दर आठवड्याला व्हावे असे कॅल्व्हिनला वाटे. जिनिव्हाच्या नगरसभेने ते वर्षातून चार वेळांवर आणले. अँग्लिकनांच्या एकोणचाळीस कलमांनी सत्त्वपरिवर्तन धर्मग्रंथाविरुद्ध ठरवले, पण विश्वासाने घेणाऱ्याला आत्मिक रीतीने ख्रिस्तशरीर मिळते असेही म्हटले. क्वेकर आणि साल्व्हेशन आर्मी तर हा विधीच करत नाहीत.

उपस्थितीच्या वादापेक्षा बलिदानाचा वाद प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक खोल आहे, जरी त्याची चर्चा कमी होते. कॅथलिक शिकवणीनुसार मिस्सा हे क्रुसावरच्या बलिदानाचेच, रक्त न सांडता होणारे अर्पण आहे. क्रुसावरील बलिदान पुन्हा घडते असा त्याचा अर्थ नाही, तेच वेदीवर वर्तमान होते असा आहे. ट्रेंटने १५६२ मध्ये हे मांडले. त्यामुळे मिस्सा जिवंतांसाठी आणि मृतांसाठीही अर्पण करता येते. गोव्यात किंवा वसईत घरचे माणूस गेल्यावर सातव्या दिवसाची मिस्सा होते ती या आधारावर. सुधारकांच्या मते बलिदान एकदाच आणि कायमचे झाले. माणूस देवाला अर्पण करतो ते फक्त उपकारस्तुतीचे. म्हणून बहुतेक प्रोटेस्टंट परंपरांत मृतांसाठी प्रभुभोजन नाही, आणि पाळक हा बलिदान करणारा याजक नाही.

याजकपदाचा प्रश्न इथेच येऊन भिडतो. प्रेषितांपासून अखंड चालत आलेली दीक्षा नसेल तर पवित्रीकरण होत नाही, असे कॅथलिक चर्च मानते. पोप तेरावे लिओ यांनी १८९६ मध्ये अँग्लिकन याजकदीक्षा निरर्थक ठरवल्या. तो निर्णय अद्याप मागे घेतलेला नाही.

प्याल्याचा इतिहास कडवट आहे. सामान्य भाविकांना फक्त भाकर देण्याची प्रथा पश्चिम युरोपात बाराव्या-तेराव्या शतकांत रुळली. एका रूपातही पूर्ण ख्रिस्त असतो हे तिचे समर्थन. बोहेमियात धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांनी प्याला सर्वांना द्यायला सुरुवात केली, तेव्हा कॉन्स्टन्सच्या परिषदेने जून १४१५ मध्ये तो निषिद्ध केला आणि जुलैमध्ये हुसला जिवंत जाळले. पुढे प्याला हे हुसवाद्यांच्या निशाणावरचे चिन्ह बनले. प्रोटेस्टंटांनी तो सरसकट सर्वांना दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिकांतही परवानगी आली, तरी गर्दीच्या मिस्सेत बहुधा होस्टच मिळते. इंग्लंडमध्ये या वादाला राजकीय धारही होती : १६७३ च्या टेस्ट ॲक्टनुसार सरकारी पद घेणाऱ्याला अँग्लिकन प्रभुभोजन घ्यावे लागे आणि सत्त्वपरिवर्तन आपण मानत नाही असे लिहून द्यावे लागे.

साहित्यातही फरक आहे. कॅथलिक कायद्याला निव्वळ गव्हाची भाकर आणि द्राक्षांचाच रस लागतो. तांदळाची चालत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत साधा पाव, क्वचित चपातीही चालते. दारूबंदीच्या चळवळीतल्या मेथडिस्टांना न आंबवलेला रस हवा होता. अमेरिकेतील थॉमस वेल्च या दंतवैद्याने १८६९ मध्ये तो उकळून टिकवायची रीत काढली. एकाच प्याल्याऐवजी तबकात मांडलेले छोटे पेले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगजंतूंच्या धास्तीने आले.

कोणी घ्यावे याचे नियमही वेगळे. कॅथलिक मुलाचे पहिले कम्युनियन पोप दहावे पायस यांच्या १९१० च्या आदेशापासून साधारण सातव्या वर्षी होते. गंभीर पाप हातून घडले असेल तर आधी पापनिवेदन हवे. प्रसादापूर्वीचा उपवास पूर्वी मध्यरात्रीपासून असे. पोप सहावे पॉल यांनी नोव्हेंबर १९६४ मध्ये तो एका तासावर आणला. त्यानंतर काही दिवसांतच ते मुंबईच्या ओव्हल मैदानावरील आंतरराष्ट्रीय युखारिस्ट महासंमेलनाला आले. भारतात आलेले ते पहिले पोप. प्रोटेस्टंटांत अँग्लिकन मुलांना परंपरेने दृढीकरणानंतर, तर बॅप्टिस्टांना समजत्या वयातील बाप्तिस्म्यानंतर प्रभुभोजन मिळते. स्कॉटलंडमध्ये वडीलजन तपासणी करून योग्य सभासदाला शिशाचे बिल्ले देत. बिल्ला नसेल तर टेबलापाशी प्रवेश नाही.

भारतात या विधीला आणखी एक परीक्षा द्यावी लागली. तमिळ प्रदेशातील जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत उच्च जातींचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनही वेगळे घेत. कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांनी १८३३ मध्ये हा भेद बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा अनेकांनी मंडळी सोडली. महाराष्ट्रातही एका भाकरीचा तुकडा आणि एका प्याल्याचा घोट म्हणजे रोटीबंदीचा उघड भंग होता. धर्मांतरित ब्राह्मणाला सत्त्वपरिवर्तनापेक्षा हीच गोष्ट जड जाई.

विसाव्या शतकात अंतर काहीसे घटले. जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजात स्मरण आणि उपस्थिती यांची जुळणी करण्याचा प्रयत्न झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट आदी परंपरांतून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. उपस्थितीच्या वादात निरनिराळ्या भूमिका घेणाऱ्या परंपरांचे वारस तिथे एकाच मेजावर प्रभुभोजन घेतात. कॅथलिक चर्चशी तसे झालेले नाही. त्रैक्याच्या नावाने पाण्याने झालेला प्रोटेस्टंट बाप्तिस्मा ते वैध मानते, पण १९८३ च्या धर्मविधानातील कलम ८४४ नुसार प्रोटेस्टंट व्यक्तीला प्रसाद मिळतो तो मरणाच्या दारात किंवा बिशपाने मान्य केलेल्या गंभीर गरजेच्या प्रसंगीच. आणि कॅथलिकाने प्रोटेस्टंट पाळकाकडून प्रभुभोजन घेण्यास परवानगी नाही.