नाकारलेल्या आकड्यांची कुळकथा

शिरवण्याचा पिन कोड ४००७०६. मराठी कीबोर्डवरून तो वेबफॉर्ममध्ये भरला, तर अनेक ठिकाणी ‘फक्त अंक भरा’ अशी सूचना येते. मात्र त्याच ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला ही संख्या मराठी पद्धतीने लिहायला सांगितली, की ती ‘४,००,७०६’ असं देवनागरीत बिनचूक लिहून देते. स्वल्पविराम काढून तेच अंक तिला परत दिले, तर ती संख्या मानत नाही. लिहिता येतं, वाचता येत नाही! या विसंगतीने मला अंकांच्या कुळाशी नेलं.

भारतातून अरबांकडे, तिथून युरोपात हा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. पण इंग्रजी अंक कोन मोजून घडवले, एकात एक कोन, दोनात दोन, ही कथा अजूनही फिरते. तिला खोडायला जुन्नरजवळचा नाणेघाट पुरेसा आहे. तिथल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. हात न उचलता त्या लिहिल्या, की आपला ‘२’ही होतो आणि इंग्रजी दोनही. कोनांचा संबंधच नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्येही इंग्रजी अंकांना भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप म्हटलं आहे.

मग एक भाऊ आत, दुसरा बाहेर का? काही जण याला भारतीय भाषांची उपेक्षा म्हणतात. मला ते अपुरं वाटतं, कारण पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा देवनागरी अंक सहज वाचते. माझ्या मते मूळ संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या १९६३च्या आस्की संकेतात आहे. त्यात शून्य ४८वर, नऊ ५७वर. ‘सी’ भाषेने अंकाची ओळख या दहा चिन्हांपुरतीच ठेवली. पीएचपी या वेब-भाषेचा गाभा ‘सी’तच लिहिलेला, म्हणून तिची संख्या-तपासणीही अंक ओळखताना चिन्ह शून्य ते नऊच्या मध्ये आहे का, एवढंच पाहते. जावास्क्रिप्टने हाच वारसा उचलला असणार. देवनागरी अंक युनिकोडमध्ये २४०६ ते २४१५वर बसले, तोवर ही सवय मुरली होती.

उपाय एका ओळीचा आहे: देवनागरी अंकाच्या संकेतातून २३५८ वजा करा, की इंग्रजी अंकाचा संकेत मिळतो. फॉर्म लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी प्रोग्रामरने तपासणीआधी ही ओळ घालावी.