बटाट्याची परीक्षा



घरचेच बेणे वर्षानुवर्षे लावीत गेले, की बटाट्याची पाने वळतात, झाड खुरटते आणि उतारा घटतो. युरोपातले शेतकरी अठराव्या शतकापासून हे पाहत आले होते. ते म्हणत, 'वाण म्हातारा झाला!' आता म्हातारपणावर औषध ते काय? जुना वाण टाकायचा नि नवा आणायचा, एवढेच हाती होते.

हॉलंडात १९१६ साली क्वान्येर या शास्त्रज्ञाने कलम बांधून दाखविले, की पाने वळण्याचा रोग एका झाडातून दुसऱ्यात जातो. १९२० साली तिथेच कळले, की हा रोग मावा पसरवितो. म्हणजे हे म्हातारपण नव्हेच. ही लागण होय. तिचे मूळ विषाणूत.

मग कोणता वाण तिला दाद देत नाही, याचा शोध सुरू झाला. कुणी म्हणेल, त्यात काय अवघड? शेतात जो टवटवीत राहील तो निवडावा. पण या सोप्या उपायाची फसगत १९३० साली इंग्लंडात उघडी पडली. 'किंग एडवर्ड' हा १९०२ पासूनचा लोकप्रिय वाण दिसायला अगदी निरोगी. सॅलामन आणि ले पेली यांनी त्याचे कलम 'ॲरन व्हिक्टरी' या वाणावर बांधले, तो काय, व्हिक्टरीची पाने सुरकुतली! एडवर्ड स्वतः आजारी न दिसता विषाणू पोटात बाळगून होता, आणि बेण्यातून तो पुढच्या पिढीला देत होता.

तेव्हापासून परीक्षा कडक झाली. रोग सोसणे वेगळे आणि रोग शिरूच न देणे वेगळे. रोपाला रोगट रस चोळायचा, कलम बांधायचे आणि मग त्या रोपाचाच रस दुसऱ्या नाजूक झाडावर तपासायचा. 'एक्स' नावाच्या विषाणूसाठी हे काम आपला धोतरा करतो. विषाणू असला, की त्याच्या पानावर चट्टे उठतात. अमेरिकेतील ४१९५६ क्रमांकाचे रोप या विषाणूला पुरून उरले, आणि पुढे नव्या वाणांच्या पैदाशीत ते कामी आले.

एडवर्डचीही सुटका झाली. १९५७ साली इंग्लंडात कसानिस यांनी त्याच्या कोंबाच्या अगदी टोकाच्या कणापासून विषाणूमुक्त रोपे वाढविली.

तेव्हा बेणे घेताना नुसत्या रूपावर जाऊ नका. ते तपासलेले आहे का, हे आधी विचारा.