लघुग्रहांचे नामकरण

लघुग्रहांचे नामकरण : मुख्यतः मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांदरम्यान सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान खगोलांना अधिकृत नाव देण्याची पद्धत. नावावर शेवटची मोहोर आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या समितीची असते. पैसे भरून हे नाव मिळत नाही. वाढदिवसाच्या भेटीसाठी विकली जाणारी ‘आकाशात तुमचे नाव’ छापाची प्रमाणपत्रे संघ जमेस धरत नाही.

पहिला लघुग्रह सेरेस 1 जानेवारी 1801 रोजी पालेर्मो येथे जुझेप्पे पिआझ्झी यांना सापडला. रोमन धान्यदेवतेच्या या नावाला त्यांनी आपल्या राजाचे, फर्डिनंडचे नावही जोडले होते. ते टिकले नाही. पुढे संख्या वाढली, देवता अपुऱ्या पडल्या आणि शहरे, नद्या, शास्त्रज्ञ, कलावंत यांची पाळी आली. मद्रास वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन यांनी 17 एप्रिल 1861 रोजी शोधलेल्या लघुग्रहाला खंडाचेच नाव मिळाले : 67 एशिया. आशियातून लागलेला तो पहिला शोध होता.

नव्या खगोलाला आधी केवळ तात्पुरता संकेत मिळतो. मुंबईकर गायक पंडित जसराज यांच्या नावाच्या लघुग्रहाचा मूळ संकेत ‘2006 व्हीपी 32’ असा होता. वर्षानंतरचे पहिले रोमन अक्षर पंधरवडा सांगते; ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातला क्रम दाखवते. त्यासाठी 25 अक्षरे वापरतात (‘आय’ वगळतात) आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. 32 फेऱ्या संपून पंधरावे अक्षर ‘पी’ आले, म्हणजे हा त्या पंधरवड्यातला 815 वा खगोल. अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून कक्षा पक्की झाल्यावर कायमचा अनुक्रमांक मिळतो, आणि त्यानंतरच नावाचा विचार होतो. नाव सुचवण्याचा हक्क दहा वर्षे शोधकाचा असतो. त्यामुळे यादीत कोण येते, हे त्या व्यक्तीच्या थोरवीइतकेच दुर्बिणीमागे कोण बसले आहे यावरही ठरते.

जसराजांचा लघुग्रह 11 नोव्हेंबर 2006 रोजी सापडला आणि 2019 मध्ये त्याचे नामकरण झाले. त्याचा क्रमांक 300128. तो वर्ष-महिना-दिवस असा वाचला की त्यांची जन्मतारीख निघते : 28 जानेवारी 1930. नाव मात्र ‘पंडितजसराज’ असे सलग लिहिले जाते. म्हणजे उपाधीही नावातच मुरली. मैफलीतल्या श्रोत्यांना यात वावगे वाटू नये.

नाव रोमन लिपीत 16 अक्षरांपेक्षा मोठे नसावे, उच्चारता यावे, आधीच्या नावाशी गल्लत होऊ नये आणि त्यातून व्यापारी जाहिरात होऊ नये, असे नियम आहेत. राजकीय वा लष्करी कारणांनी प्रसिद्ध असलेल्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर 100 वर्षे जावी लागतात. पनवेलजवळच्या शिरढोणचे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके (1845–1883) यांच्या बाबतीत ही मुदत 1983 मध्येच भरली. पण त्यांचे पूर्ण नाव रोमन लिपीत मधल्या जागा न धरताही 20 अक्षरांचे होते. तेव्हा प्रस्ताव आलाच, तर बळवंतरावांना वगळावे लागेल.

पृथ्वीच्या कक्षेजवळ येणाऱ्यांना पुराणकथांतील नावे देण्याचा रिवाज आहे. 4034 विष्णू हे त्याचे उदाहरण. कावलूर वेधशाळेतून 1988 मध्ये सापडलेला 4130 रामानुजन, तसेच 2596 वैनू बाप्पू आणि बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांच्या नावाचा 4538 विश्यानंद हे इतर भारतीय मानकरी. अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेने विज्ञानस्पर्धांत चमकलेल्या शाळकरी मुलांची नावेही आपल्या लघुग्रहांना दिली आहेत.

शुक्रावरील विवरांची नावे याच संघाच्या दुसऱ्या यादीत येतात. तिथल्या मोठ्या विवरांना दिवंगत कर्तबगार स्त्रियांची नावे देतात. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचे विवर सुमारे 34 किलोमीटर व्यासाचे आहे. पंडिता रमाबाईंचे विवर सासरच्या ‘मेधावी’ या आडनावाने नोंदलेले असल्याने मराठी वाचकाच्या नजरेतून सहज सुटते.