मांजरीचे दात

परवा नातीने फोनवर विचारले, "आजी, मांजराला मांजर का म्हणतात गं?" उभा जन्म मराठी शिकवण्यात गेलेला, त्यामुळे असा प्रश्न आला की मी खूश!

मांजर हा शब्द संस्कृत 'मार्जार'वरून आला. 'मृज्' म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. दिवसभर अंग चाटूनपुसून साफ करणारे ते मार्जार. संमार्जन, परिमार्जन हे शब्दही याच धातूचे. 'मांजरपाट' कापडात मात्र मांजर नाही बरं का! जुना शब्द 'मादरपाट'. ओळखीचे नाव लोकांच्या तोंडी बसले, इतकेच.

म्हणींत मांजराची अब्रू फारशी राहिलेली नाही. डोळे मिटून दूध पिणारे मांजर सगळ्यांना ठाऊक आहे. ढोंगी माणसाला मनुस्मृतीत 'बैडालव्रतिक' म्हटले आहे, म्हणजे मांजराचे व्रत घेतलेला. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगाकाठी तप करण्याचे सोंग करून उंदीर फस्त करणाऱ्या बोक्याची गोष्ट आहे. महाबलिपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटातही पुढचे पाय वर करून उभे राहिलेले तपस्वी मांजर आहे, आणि जवळच उंदीर! 'शिंक्याचे तुटले, बोक्याचे पटले' ही म्हण मुलांना सांगताना आधी शिंके म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवावे लागे.

पण एक म्हण वेगळी आहे. 'मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत.' आईचे रागावणे मुलाला बाधत नाही, असा तिचा अर्थ. पालक मुलाला वर्गात सोडताना ही म्हण ऐकवत आणि वर म्हणत, "बाई, खुशाल मारा." मीही छडी उगारताना तिचाच आधार घेतला.

काही वर्षांपूर्वी एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता त्याचेही केस पिकलेत. चहा घेताना हसत म्हणाला, "बाई, शुद्धलेखनासाठी तुम्ही मारलेलं अजून आठवतं. लागलं होतं हो." तो गेल्यावर कितीतरी वेळ मी तशीच बसून होते.

वैष्णव आचार्यांच्या परंपरेत 'मार्जारकिशोरन्याय' आहे. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून राहते. मांजरीचे पिलू काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून उचलते. देवही भक्ताला तसाच उचलतो, असा तो दृष्टांत. आपली घरगुती म्हण त्याच दृश्यातून आलेली आहे. ज्या दातांनी उंदीर मरतो, त्याच दातांनी पिलू अलगद नेले जाते. म्हणजे म्हण चावण्याची नाहीच, उचलण्याची आहे. मी इतकी वर्षे तिचा अर्धाच अर्थ शिकवला.

त्या विद्यार्थ्याला मग मी पत्र लिहिले. चुकीचे परिमार्जन म्हणा हवे तर.

तुमच्या घरात मांजराची आणखी एखादी म्हण असेल तर जरूर कळवा. नातीसाठी वही केली आहे.