'कन्फ्यूज' : गोंधळ नेमका कोणाचा?

वसई-विरारहून मुंबईत इंग्रजी मुलाखतीस जाणारा मराठी उमेदवार 'मी गोंधळलो आहे' या अर्थाने 'आय ॲम कन्फ्यूजिंग' म्हणाला, तर अर्थ उलटतो : 'मी इतरांना गोंधळात टाकतो!' मराठीतील 'गोंधळणे' हे क्रियापद अकर्मक आहे. इंग्रजी 'कन्फ्यूज' मात्र सकर्मक, म्हणजे 'गोंधळात टाकणे'. म्हणून विरार स्थानकातील अस्पष्ट उद्घोषणा 'कन्फ्यूजिंग', तर ती ऐकून फलाट शोधणारा प्रवासी 'कन्फ्यूज्ड'. 'पझल' व 'बिविल्डर' या क्रियापदांनाही हाच नियम लागू होतो. एका गोष्टीला चुकून दुसरी समजल्यास 'कन्फ्यूज'सोबत 'विथ' योजावे. नालासोपाऱ्याला वसई समजणाऱ्याने 'आय कन्फ्यूज्ड नालासोपारा विथ वसई' म्हणावे. थोडक्यात, गोंधळणाऱ्यासाठी 'एड', गोंधळवणाऱ्यासाठी 'इंग'.